झाकणभर पाणी

फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर घागर काढत होतो. घागरीची डावी कड चांगली उतरली होती, उजवीला हात घातला होता, तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. राठोड बाईंचा धाकटा भाऊ प्रकाश बोलत होता. "सर, ताई गेली," तो म्हणाला. मागे रस्त्यावरच्या कुठल्यातरी गाडीचा हॉर्न थोडा वेळ ऐकू येत राहिला आणि मग फोन बंद झाला. मी वळलो आणि उजवी कड पूर्ण केली. पोरं कुजबुजायला लागली. पुढं बसलेली एक मुलगी धीर करून म्हणाली, "सर, घागर वाकडी होऊन राहिली." खरंच वाकडी झाली होती. राठोड बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "वाकडी असू द्या, पाणी धरते का तेवढं बघा." मी ती पुसली नाही. तास संपेपर्यंत पोरांनी चाळीस वाकड्या घागरी काढल्या.

जमुना राठोड आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी चित्रकला. नरसी नामदेवच्या अलीकडे, जिथं काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू होतो, तिथं आमची शाळा आहे. आजूबाजूच्या गावांत त्यांना 'उंदराच्या बाई' म्हणत. पहिल्यांदा हे नाव कानावर आलं तेव्हा मला राग आला होता, बाईंना मात्र ते आवडायचं. "तुमाला कुणी 'घागरीचे सर' म्हणतं का? मग!" असं त्या मला चिडवायच्या. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडखळलो, कारण बाईंची कुठलीही खरी आठवण सांगायची तर आधी माझा एक गुन्हा सांगावा लागतो. त्यांनी सगळ्यात जीव लावून केलेला प्रयोग मी चोरून बिघडवला होता आणि तेरा वर्षं ते त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. माझी हिंमत झाली नाही.

बाई शाळेत आल्या त्या नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. तांड्यावरची, विज्ञानाची पदवी घेतलेली बाई येणार म्हणून स्टाफरूममध्ये आधीच बरीच चर्चा झाली होती. त्या आल्या, खुर्चीवर बसायच्या आधी खिडकीशी गेल्या आणि मागच्या माळाकडे बघत विचारलं, "या माळावर बिळं कुणाची आहेत?" कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं त्याच खिडकीत उभं राहून चहा प्यायलो होतो, पण खाली बघायचं काही कारण पडलं नव्हतं. मी उगाच शहाणपणा केला, "सापाचीच असणार की." बाई हसल्या. "साप काहून बीळ खोदील, सर? त्याला हात कुठं आहेत?" सगळी स्टाफरूम माझ्यावर हसली. चित्रकलेच्या माणसानं सापाला हात नसतात हे विसरावं, याची मलाच लाज वाटली. आमची दोस्ती त्या दिवशी सुरू झाली.

दुसऱ्या आठवड्यात त्या मला माळावर घेऊन गेल्या, बरोबर सातवीचा अख्खा वर्ग. कुसळी गवत वाळून पिवळं पडलेलं, मध्येच तरवडाची झुडपं, खाली पाय टाकला की मुरूम करकरायचा. एका बिळाच्या तोंडाशी हरभऱ्याएवढे खडे गोळा करून रचलेले होते, अगदी निवडून घेतल्यासारखे एका मापाचे. मी पोरींवर ओरडलो, "खेळायचं तर घरी खेळा, खडे इथं कशाला मांडले?" पोरी गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई खाली बसल्या आणि दोन बोटं बिळात घातली. आतही खडेच होते. एक छोटा, राठ केसांचा उंदीर ते तोंडात धरून एकेक आणतो, असं त्यांनी सांगितलं. "काहून आणतो?" मी विचारलं. "कुणी म्हणतं गारव्यासाठी, कुणी म्हणतं बीळ लपवायला. मला अजून पटलं न्हाई काहीच." विज्ञानाच्या बाईंनी पोरांसमोर 'मला माहीत नाही' असं म्हणावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी पोरींची माफी मागितली. त्यांनी मला ती दिली, पण पुढं वर्षभर कुठंही खडे दिसले की "सर, आमी न्हाई हं" असं म्हणून त्या पळून जायच्या.

पण बाईंचा खरा उंदीर दुसराच होता. हा अंगानं मोठा, पाठ माळाच्या मातीच्या रंगाची, पोट पांढरंधोप, डोळे टपोरे, मागचे पाय लांब आणि शेपटीच्या टोकाला काळसर केसांचा झुपका. ऊन उतरलं की बाहेर यायचा आणि कशाची चाहूल लागली की चांगली हात-दीड हात उडी घ्यायचा. त्याला पुस्तकात काय म्हणतात ते बाईंनी मला अनेकदा सांगितलं, मी तितक्यांदा विसरलो. आम्ही त्याला 'उड्या' म्हणायला लागलो. बाईंना त्याची चित्रं हवी होती आणि मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. दोन महिने गेले! मी पोट पांढरं ठेवलं की त्या विचारायच्या, "काहून पांढरं?" मी म्हणायचो, "असतं म्हणून." "तसं न्हाई. खाली जमीन तापलेली असते. पांढऱ्या पोटाला तिची धग कमी लागत असंल." मी नाक काढलं की नाकाची गोष्ट निघायची. श्वास बाहेर पडताना त्या एवढ्याशा नाकात गार होतो आणि त्यातली ओल शरीराबाहेर जायच्या आधीच परत मिळते. दिवसा तो बिळाचं तोंड आतून मातीनं बंद करून घेतो, म्हणजे बाहेरची झळ आत येत नाही आणि आतला ओलावा बाहेर जात नाही. कणसातले दाणे आत नेऊन साठवतो, ते त्या ओलाव्यात मऊ पडतात आणि खाण्यातूनच थोडं पाणी पोटात जातं. लघवी म्हणाल तर दोन-चार थेंब. हे सगळं ऐकत चित्र काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी इतकी वर्षं जनावरांच्या फक्त कडा काढत होतो.

या वेडाचं मूळ कुठं आहे, हे त्यांनी एकदाच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. बाईंच्या पणज्यापर्यंत त्यांची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहायची, पुढं तांडा इथं स्थिरावला, थोडी हलकी जमीन वाट्याला आली. त्या वर्षी ती जमीन पिकली नाही. त्यांची आई, म्हणजे याडी, बाईंना घेऊन माळावर जायची आणि उंदरांची बिळं उकरायची. आत आदल्या सालची ज्वारी सापडायची, कधी पसाभर, कधी सुपली भरून. ते दाणे हाताला गार आणि ओलसर लागायचे, हे बाईंच्या पक्कं लक्षात होतं. वरती विहिरी कोरड्या, नदीत वाळू, आणि हातभर खाली दाणे ओले. त्यांनी याडीला विचारलं, "उंदीर पाणी कुठून पितो?" याडी म्हणाली, "तेलाच इचार." आणि उकरून झालं की याडी त्यातली एक पसा ज्वारी परत आत ठेवायची, वरून माती ओढायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "तेच्या घरी बी लेकरं असत्याल." बाई म्हणाल्या, "सर, मला शिकायचं होतं ते काही मोठं न्हाई. तेवढ्या एका सवालाचं उत्तर पाहिजे होतं."

म्हणून त्यांनी प्रयोग ठरवला. उड्याला कोरडी ज्वारी द्यायची आणि पाणी अजिबात द्यायचं नाही, उन्हाळाभर. तो तगतो का बघायचं. शाळेच्या मोडक्या कपाटाच्या काचा काढून, सांध्यांत लांबीचा लगदा भरून मी पेटी करून दिली. तीत कोपरभर खोल माळाची माती भरली आणि काचेला बाहेरून काळा कागद लावला. उड्यानं काचेलगतच बीळ केलं, त्यामुळे कागद उचलला की त्याची खोली दिसायची. उंदीर याडीनं धरून दिला होता. बिळाची कुठली तोंडं बुजवायची आणि कुठलं उघडं ठेवायचं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. वजन करायला बाईंनी हिंगोलीच्या एका सोनाराकडून जुना तराजू मागून आणला. उड्या कापडी थैलीत तराजूवर बसला की सोनाराचं ते पारडं इतकं हलायचं, की आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. होळी झाली, ऊन वाढलं, उड्याचं ठीक चाललं होतं. मे महिन्यात शाळा बंद झाली. माझं घर शाळेला लागूनच, त्यामुळे प्रयोगशाळेची किल्ली बाईंनी माझ्याकडे दिली. त्या तांड्यावरून दर दोन-तीन दिवसांनी येणार होत्या. जाताना म्हणाल्या, "दाणे तेवढे टाका, सर. पाणी न्हाई. कितीही दया आली तरी न्हाई. कबूल?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "कबूल."

आता माझं घर कसं आहे ते सांगायला हवं. दारात रांजण आहे, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. येणारा-जाणारा कुणीही त्यातून पाणी पितो. भिंतीवर चिमण्यांसाठी मातीचं परळ, ओट्याखाली कुत्र्यांसाठी फुटकी कढई. मोहरममध्ये आमच्या दारात सबील लागायची, म्हणजे सगळ्यांना सरबत-पाणी. हे सगळं अम्मीच्या देखरेखीखाली. पाण्याचा रांजण दुपारी रिकामा सापडला तर ती जेवायची नाही. चौथ्या दिवशी मी जेवताना उड्याची गोष्ट काढली, सहज, गंमत म्हणून. अम्मीचा घास हातातच राहिला. "इत्ती धूप में? पानी बिगर?" मी तिला नाकाचं सांगितलं, बिळाचं सांगितलं, ओल्या दाण्यांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वो तो बोल नै सकता. तू तो देख सकता ना?" त्या संध्याकाळी मी दाणे टाकायला गेलो. काळा कागद उचलला. उड्या आपल्या खोलीत कुशीवर पडला होता, पोट भरभर वरखाली होत होतं. आज मला माहीत आहे, की तो नुसता झोपला होता. पण तेव्हा मी बाहेर आलो, सोड्याच्या बाटलीचं एक पत्र्याचं झाकण रांजणात बुडवलं आणि पेटीत ठेवलं.

सकाळी झाकण जागेवर नव्हतं. मला वाटलं, दुसऱ्या किल्लीनं झाडायला येणाऱ्या शिपायानं उचललं असेल. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर अशी झाकणं पायाखाली पडलेली असतात, तिथून मी पिशवीभर आणली. संध्याकाळी दाणे टाकायचे आणि झाकणभर पाणी ठेवायचं, असा माझा नेम झाला. सकाळी झाकण गायब. बाई यायच्या, वजन करायच्या, वहीत काहीतरी लिहायच्या आणि मी खिडकीबाहेर बघत उभा राहायचो. एकदा त्या म्हणाल्या, "सर, उड्या ताजातवाना दिसून राहिला." मी म्हणालो, "हो… तुमचं शास्त्र बराबर आहे म्हणायचं." जूनमध्ये पाऊस आला, बाईंनी उड्याला माळावर नेऊन सोडलं आणि वर्गात पोरांना सांगितलं, की माळावरच्या उंदरानं एक थेंब पाणी न पिता उन्हाळा काढला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर दरवर्षी नवी तुकडी आली की उड्याची गोष्ट निघायची आणि दरवर्षी मी काहीतरी काम काढून वर्गाबाहेर पडायचो. हिंगोली जिल्हा झाल्यावर एका विज्ञान प्रदर्शनात बाईंनी उड्याचा तक्ता मांडला, चित्रं माझी. तपासायला आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "खरंच पाणी दिलं नव्हतं?" बाईंनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी एक थेंब दिला न्हाई." मला वाटलं, आता जमीन फाटावी. तक्त्याला बक्षीस मिळालं. परत येताना जीपमध्ये मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ड्रायव्हरनं गाणी लावली, दुसऱ्यांदा सिद्धेश्वर धरणाचं पाणी सोडल्याच्या गप्पा निघाल्या. सबबी शोधणाऱ्याला त्या मिळतातच. खरी भीती वेगळी होती. या बाईंनी आयुष्यात एकच सवाल धरून ठेवला होता आणि त्याचं उत्तर खोटं ठरलं ते माझ्यामुळे, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कसं?

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. मग आठवड्यातून दोनदा नांदेडला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं, असं चक्र लागलं. त्यांची शाळा सुटली. मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचो. शेवटचा गेलो तो त्यांच्या जाण्याच्या पंधरा दिवस आधी. कॉटवर उशी टेकून बसल्या होत्या, हात काडीसारखे झालेले, डोळे मात्र तेच. "या सर. पाणी विचारत न्हाई तुमाला. इथं पाण्याची मोजदाद चालू आहे." उशाशी अर्ध्या लिटरची बाटली होती, तिच्यावर पेनानं रेघा मारलेल्या. दुपारपर्यंत या रेघेच्या खाली जायचं नाही, संध्याकाळपर्यंत त्या. मी त्या रेघा बघत राहिलो, तर त्यांनी तासच सुरू केला. "गंमत बघा. उड्याला पाणी मिळत न्हाई, म्हणून तो राखून ठेवतो. मला मिळतं, पण बाहेर टाकता येत न्हाई, म्हणून पिऊ देत न्हाईत. बाहेरून बघणाऱ्याला दोघंबी सारखेच तहानलेले. पण आतलं काम एकदम उलटं. वर्गात हे सांगायला पाहिजे होतं…" आणि थांबल्या. त्यांना दम लागला होता.

मी म्हणालो, "बाई, मला एक सांगायचंय." आणि सांगून टाकलं. अम्मी, झाकण, रांजण, सगळं. खाली फरशीकडे बघत बोलत होतो. बोलणं संपलं तरी वर बघायची हिंमत होईना. बाईंनी विचारलं, "किती झाकणं?"

"म्हणजे?"

"एकूण किती झाकणं दिली?"

"मोजली नाहीत."

"मी मोजली. चौतीस. पेटी रिकामी केली तवा मातीतून निघाली. तुमी रोज ठेवायचे आणि उड्या रोज त्याच्यावर माती ओढायचा."

मी वर बघितलं. बाई हसत होत्या, खोकला येईपर्यंत हसल्या. मग सांगितलं. तांड्यावर त्यांच्या घरात तेलाच्या रिकाम्या डब्यात दुसरा उंदीर होता, तसाच, त्याच माळावरचा, याडीच्या नजरेखाली. त्याला खरोखरच एक थेंबही मिळाला नाही. आधी त्याचं वजन जरा उतरलं, मग एका जागी थांबलं, आणि पावसाळ्यापर्यंत तो टुणटुणीत राहिला. तक्त्यावरची सगळी वजनं त्याची होती.

"मग पेटीतला?"

"पेटीतल्याला पाणी द्यायला कुणीतरी पाहिजेच होतं की. एकाला द्यायचं, एकाला न्हाई, तवाच फरक कळतो. तुमच्या दारातला रांजण बघितला होता मी. चिमण्यांना पाणी, कुत्र्यांना पाणी… हा माणूस उंदराला काहून सोडील?"

"तर मग मला सांगूनच ठेवायचं ना!"

"सांगितलं असतं तर चार दिवसांनी विसरले असते. चोरून देणारा माणूस कधी चुकत न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगायचं तर दोन्ही झालं. तेरा वर्षं ज्या गुन्ह्यानं मी मान खाली घालून फिरलो, तो त्यांच्या वहीत 'पाणी दिलेला उंदीर' अशा रकान्यात व्यवस्थित मांडलेला होता. "आणि इतकी वर्षं बोलल्या का नाहीत?" मी विचारलं. "वाट बघून राहिले. म्हटलं, बघू तरी सर कधी सांगतात. उड्याचा भाऊ तीन महिने बिनपाण्याचा राहिला, तुमी तेरा वर्षं बिनबोलता राहिले. काटक कोण, सांगा?" मग त्या थोड्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत कळली नाही. उड्यानं पाणी पिऊन झाकण पुरलं, की न पिताच पुरलं? दोन्ही उंदरांची वजनं सारखीच राहिली, त्यामुळे वजनावरून सांगता येत नाही, आणि त्यांनी समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. "तुमच्याकडं वेळ आहे, सर. बघा कधीतरी." निघायला उठलो तर म्हणाल्या, "आता मला द्या एक झाकण." मी बाटलीचं झाकण काढलं, जपून काठोकाठ भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या ते दोन घोटांत प्यायल्या. "रेघेच्या आत आहे ना?" मी बाटली उजेडाकडे धरून बघितली आणि सांगितलं, आहे.

त्या गेल्यावर तेराव्या दिवसानंतर मी तांड्यावर गेलो. याडी ओसरीवर बसली होती. आता तिला फारसं दिसत नाही. आवाजावरून ओळखलं. "सर, तुमी आले, बरं झालं. जमुना बोलली व्हती, सरास्नी डबा दाखीव." आतून प्रकाशनं तेलाचा डबा आणला. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं अजून होती. आता त्यात ज्वारी ठेवतात. याडीनं चाचपत हात घातला, पसा भरून ज्वारी काढली आणि माझ्या रुमालात ओतली. "जाताना माळावर ठिवा. माझ्या लेकरानं लई खाल्लं तेंचं." मी विचारलं, त्या उन्हाळ्यात डब्यातल्या उंदराला पाणी द्यावंसं तुम्हाला कधी वाटलं नाही का? याडी म्हणाली, "वाटलं की. रोज वाटायचं. पर पोरीनं सांगितलं व्हतं ना." आणि पदर डोळ्यांना लावला.

काचेची पेटी हेडमास्तर भंगारात काढणार होते. मी ती चित्रकलेच्या खोलीत आणून ठेवली आहे, सांध्यांत पुन्हा लांबी भरली आहे. कोपऱ्यांत चिकटून उरलेली माती पिशवीत भरून परवा माळावर नेली. उन्हं कलली होती, मुरूम अजून तापलेला होता. तरवडाच्या झुडपाजवळ एक बीळ दिसलं, तिथं माती सांडली. खांद्याच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. सवयीनं हात तिच्याकडे गेला, झाकणही अर्धं फिरवलं… आणि मग मी ते पुन्हा घट्ट केलं. रुमाल सोडून याडीची ज्वारी बिळाच्या तोंडाशी ठेवली. तोंड आतून मातीनं बंद केलेलं होतं आणि ती माती ताजी होती.